तामिया-पातालकोटच्या कच्च्या घाटवाटा: नागपूरहून दोन दिवसांत फोर-बाय-फोर

नागपूरच्या आसपास गाडीला खरा डोंगर मिळत नाही. हिंगण्याकडच्या टेकड्या आणि शेतांमधले पांदण रस्ते हात बसवायला चांगले, पण फोर-एल, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा कमी वेगाचा गिअर, कशासाठी दिलेलं असतं ते कळायला सातपुड्यातच जावं लागतं. शनिवार-रविवारात नीट बसणारा पल्ला म्हणजे छिंदवाडा जिल्ह्यातलं तामिया आणि त्याच्या पलीकडचं पातालकोट.

कोराडी, पाटणसावंगी, सावनेर, सौंसर, रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट आणि उमरानाल्यावरून छिंदवाडा. हा सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरचा रस्ता डांबरी आहे. तिथून तामिया आणखी पन्नास-पंचावन्न. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आणि छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास, म्हणजे अर्धी चढाई डांबरावरच होऊन जाते. पातालकोट हे कड्यांनी वेढलेलं खोरं आहे: काठापासून तळ साधारण १२०० ते १५०० फूट खाली, क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर, आत बारा गावं, मुख्यतः भारिया आणि गोंड लोकांची वस्ती, आणि तळाशी दूधी नदी.

खोऱ्यात उतरणाऱ्या कोणत्या वाटेवर डांबर पडलं, कोणती पावसाने खाल्ली, हे दरवर्षी बदलतं. म्हणून मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका. छिंदी गावात थांबा, चहा घ्या आणि ट्रॅक्टर किंवा पिकअप चालवणाऱ्या माणसाला विचारा: रातेडकडची वाट कशी आहे, चिमटीपूर-गैलडुब्ब्याकडे गाडी उतरते का, या आठवड्यात कोण उतरलं. मोटारसायकल जाते म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रश्न ट्रॅक्टर जातो का, हाच असला पाहिजे.

मेळघाट का नाही, असं बरेच जण विचारतात. चिखलदऱ्याचा घाट सुंदर आहे, पण तिथला मोठा भाग व्याघ्र प्रकल्पात येतो. वाटेत उजवीकडे पेंचही तसाच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि १९२७च्या वन कायद्यानुसार राखीव जंगलात घुसखोरी हा गुन्हा आहे. ऑफ-रोड म्हणजे रस्ता सोडून जंगलात गाडी घालणं नव्हे. गावाला गाव जोडणारी, बैलगाडी-ट्रॅक्टरची वहिवाटीची कच्ची वाट, तेवढीच आपली. वनखात्याचा बॅरियर दिसला की थांबून विचारा. नाही म्हणाले तर गाडी वळवा, हुज्जत घालू नका.

जायचे दिवस ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दरडी, चिखल आणि एका तासात भरणारे नाले असतात. एप्रिल-मेमध्ये वाळक्या पानांचा खच असतो. तापलेल्या सायलेन्सरखाली अशी पानं अडकली की पेट घेतात, त्यामुळे त्या दिवसांत दर थांब्याला गाडीखाली वाकून बघायलाच हवं.

गाडी

थार, जिम्नी, गुरखा किंवा नीट राखलेली जुनी जिप्सी, यांतलं काहीही चालेल. गाडी निवडताना जाहिरातीऐवजी तीन गोष्टी पाहा: जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटरच्या वर आहे का, फोर-एल आहे का, आणि पुढे-मागे ओढायला पक्के हूक आहेत का. टू-व्हील ड्राइव्ह एसयूव्हीने काठावरचे व्ह्यू-पॉइंट आणि गावचे मुरमाचे रस्ते आरामात होतात, पण खोऱ्यात उतरायची कच्ची वाट तिच्यासाठी नाही. उतरणं कुठलीही गाडी उतरते, वर येताना कळतं. आणि किमान दोन गाड्या हव्यातच. एकट्या गाडीने कच्च्या घाटात उतरू नका, ड्रायव्हर कितीही तयारीचा असला तरी.

तपासणी आठवडाभर आधी करा, आदल्या रात्री नको. दोष सापडला तर दुरुस्तीला आणि दुरुस्तीनंतर चालवून बघायला दिवस लागतात. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, रेडिएटरचे होज, बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिन गार्डचे बोल्ट पाहून घ्या. गार्डचा एक बोल्ट ढिला असला की दगडाच्या पहिल्या धक्क्याला पत्रा वाकतो आणि उरलेला प्रवास तो खडखडत राहतो. स्टेपनीत हवा आहे का ते मीटरने मोजा, हाताने दाबून नको. व्हील पाना प्रत्येक नटावर चालवून बघा. गॅरेजच्या न्यूमॅटिक गनने आवळलेला नट हाताच्या पान्याने सुटत नाही, आणि हे डोंगरात कळून उपयोग नाही. फोर-एल टाकूनही बघा: गाडी थांबवा, न्यूट्रल करा, क्लच दाबा, मग लिव्हर ओढा. महिनोन्महिने न वापरलेला लिव्हर अडकतो. तेव्हा जोर करू नका, गाडी हातभर पुढे-मागे केली की दाते बसतात.

फोर-एच (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचा) असो वा फोर-एल, ते कोरड्या डांबरावर वापरायचं नाही. वळणावर पुढच्या चाकांचा फेरा मागच्यांपेक्षा मोठा पडतो. अशा बहुतेक गाड्यांमध्ये हा फरक सामावून घेणारं मधलं डिफरेन्शियल नसतं, त्यामुळे पीळ शाफ्टमध्ये साठतो. मुरमावर चाक थोडं घसरतं आणि पीळ सुटतो, डांबरावर सुटत नाही. वळताना गाडी अडखळायला लागली तर तेच झालंय असं समजा.

हवा

एकाच गोष्टीवर पैसे आणि वेळ घालवायचा असेल तर तो हवेवर घाला. भारी टायर, उंच सस्पेन्शन, विंच (रुतलेली गाडी ओढायचं यंत्र) हे सगळं नंतर. तीनशे रुपयांच्या आसपासचा हवेचा मीटर आणि १२ व्होल्टचा बऱ्यापैकी कंप्रेसर, एवढ्याने गाडी जितकी बदलते तितकी दुसऱ्या कशाने बदलत नाही.

डांबरावरच्या ३२-३४ पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टायर दगडावर चेंडूसारखा उडतो. हवा कमी केली की टायर दगडाभोवती बसतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि धक्का टायरमध्येच जिरतो. मुरूम आणि सुट्या दगडांच्या घाटवाटेला २२ ते २४ ठेवा. चिखल किंवा नदीकाठची वाळू लागली तर १८. पंधराच्या खाली जाऊ नका. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसलेल्या रिमवरून टायर वळताना उतरतो, आणि तो पुन्हा बसवणं जंगलात फार त्रासाचं काम आहे.

छिंदवाड्याहून तासभर चालवून आलेला टायर गरम असतो आणि मीटर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. तेव्हाच २२ केलंत तर गार झाल्यावर तो अठरा-एकोणीसवर येईल. म्हणून आधी टायर गार होऊ द्या, मग हवा. चारही चाकं सारखी करा आणि त्यानंतर वेग ताशी ३०च्या वर नेऊ नका. कमी हवेचा टायर वेगात आतून तापतो आणि त्याची बाजू फाटते.

सातपुड्यात हवा फार कमी न करण्याचं एक खास कारण आहे: बांबूचे खुंट. कोयत्याने तिरका तोडलेला बांबू वीतभर उंचीचा राहतो, त्याची कड सुरीसारखी असते आणि गवतात तो दिसत नाही. हवा कमी केली की टायरची बाजू फुगून बाहेर येते, आणि खुंट नेमका तिथे लागतो. ट्रेडमध्ये बाभळीचा काटा गेला तर पंक्चर किटची वात ओढून दहा मिनिटांत काम होतं. बाजू फाटली तर वात टिकत नाही, सरळ स्टेपनीच चढवावी लागते. म्हणून वाट अरुंद झाली की चाक वाटेच्या कडेला गवतात घालू नका. समोरून कोणी आलं तर थांबा, एक माणूस उतरून गवत पायाने दाबत जाईल, त्याच्या मागून सरका.

परत भरायला कंप्रेसर थेट बॅटरीला क्लिपा लावून आणि इंजिन चालू ठेवून चालवा. सिगारेट सॉकेटचा फ्यूज सहसा १५ अँपिअरचा असतो, मोठा कंप्रेसर तो उडवतो. दोन टायर झाले की पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या, नाहीतर चौथ्याला तो बंद पडतो.

सोबत काय

ओढायला नऊ मीटरचा कायनेटिक, म्हणजे ताणला जाणारा दोर, तुटण्याची ताकद गाडीच्या भरल्या वजनाच्या तीनपट तरी. म्हणजे दोन टनांपर्यंतच्या गाडीला सहा-आठ टनांचा. पाऊण इंची बो शॅकल (दोर हुकाला अडकवायची पिनवाली कडी) दोन, ज्यावर ४.७५ टन कोरलेलं असतं. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताण आल्यावर ती जाम होते. बॉटल जॅक, आणि त्याच्या खाली ठेवायला फूट बाय फूट, १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तुकडा. तो नसेल तर जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच जमिनीत शिरतो. फावडं, छोटी सब्बल, चार रिकामी पोती, जाड हातमोजे, पंक्चर किट, दोन जास्तीचे व्हॉल्व्ह कोर, टॉर्च, फ्यूज, फॅन बेल्ट, एक लिटर इंजिन ऑइल, दोन लिटर कूलंट. माणशी दिवसाला चार लिटर पाणी आणि त्याशिवाय गाडीसाठी एक पाच लिटरचा कॅन.

सगळं खाली, सीटच्या मागे, पट्ट्याने बांधून. छतावर जड काही नको. उतारावर आडवी झुकलेली गाडी पलटते ती वरच्या वजनाने.

जेवणाचं सोपं आहे: ज्वारीच्या भाकरी, ठेचा, चिवडा. सावनेरच्या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला संत्री मिळतात, ती घ्याच.

टाकी छिंदवाड्यात पूर्ण भरा. फोर-एलमध्ये गाडी तासाला पाच-सात किलोमीटर जाते, पण इंजिन तासभर फिरतच असतं. म्हणून डोंगरात इंधनाचा हिशोब किलोमीटरवर करू नका, तासांवर करा. खोऱ्यात मोबाइलची रेंज धरून चालू नका. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या आणि घरी नक्की वेळ सांगून ठेवा: रविवारी रात्री अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं ते. मोठ्या दुखापतीसाठी छिंदवाड्याचं जिल्हा रुग्णालय गाठायचं, हेही सगळ्यांना आधीच माहीत असू द्या.

शनिवार

पहाटे पाचला निघा. साडेआठपर्यंत छिंदवाडा, तिथे पोहे आणि डिझेल-पेट्रोल, साडेदहा-अकराला तामिया. मुक्कामाची खोली ताब्यात घेऊन नको असलेलं सामान तिथेच उतरवा. मग हवा कमी करून छिंदीकडचा काठाचा भाग. पहिल्या दिवशी खोऱ्यात उतरू नका. चालवणारा थकलेला असतो, आणि कच्च्या वाटेवर नव्या हाताला दोन-तीन तास सराव लागतोच.

या सरावात एकच सवय लावून घ्या: समोरची वाट सीटवरून पूर्ण दिसत नसेल तर गाडी थांबवा, उतरा आणि चालत जाऊन बघा. पन्नास पावलं पुढे, पन्नास मागे. चाक कुठून जाणार ते दगडागणिक ठरवा, सुटा दगड पायाने हलवून बघा, खळगा असेल तर त्यात दगड रचा. मग एक माणूस समोर उभा करा. त्याने गाडीकडे तोंड करून, ड्रायव्हरला दिसेल असं, हातानेच डावी-उजवी दाखवायची. ओरडून सांगणारे चार जण असले की चूक होतेच, म्हणून बाकीच्यांनी गप्प राहायचं.

दगड दोन चाकांच्या मधे घेण्याचा मोह होतो. तो टाळा आणि मोठा दगड चाकाखालीच घ्या. चाक वर चढलं की सगळी गाडी वर उचलली जाते. मधे घेतलेला दगड मात्र डिफरेन्शियलच्या गोळ्याला लागतो. हा गोळा बऱ्याच गाड्यांत नेमका मधोमध नसून एका बाजूला असतो. आपल्या गाडीचा कुठे आहे ते घरीच खाली झोपून पाहून ठेवा. बैलगाडीच्या खोल चाकोऱ्यांनाही हेच लागू: एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेवर ठेवून जा. चाकोरीत उतरलात तर गाडीचं पोट टेकतं आणि चारही चाकं हवेत फिरत बसतात.

अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवू नका. पुढचं चाक दगडाला आदळलं की स्टीअरिंग झटक्यात फिरतं, विशेषतः जुन्या गाड्यांत, आणि आरा अंगठ्यावर बसतो.

रविवार: उतार आणि चढ

सकाळी सातला निघून उतरायचं आणि दुपारी एकपर्यंत परत काठावर. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, पण कड्यांमुळे खोऱ्यात सावली बरीच आधी पडते.

उतारावर फोर-एल, पहिला गिअर, पाय क्लचपासून लांब, जमिनीवर. इंजिनच गाडी धरून ठेवतं. क्लच दाबला की ती पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अवघड उतारांवर बहुतेक घोटाळे या एका क्लचच्या पायाने होतात. ब्रेक लागलाच तर हलका, थांबून-थांबून. जळका वास आला की सपाट जागा बघून वीस मिनिटं थांबा, आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. मागची बाजू घसरून आडवी यायला लागली तर मन ब्रेक मागतं, पण उत्तर उलट आहे: नाक उताराच्या दिशेला ठेवून थोडा ॲक्सिलरेटर द्या. गाडी सरळ होते. उतार नेहमी सरळ उतरायचा, तिरका नाही.

चढाला गिअर आधीच निवडा, बहुधा फोर-एलचा दुसरा, अगदी उभा आणि दगडी असेल तर पहिला. मधे गिअर बदलला तर गाडी थांबते. एका वेळी एकच गाडी चढवा, दुसरी खाली सपाटीवर थांबू द्या. मध्येच इंजिन बंद पडलं तर क्रम असा: ब्रेक घट्ट, हँडब्रेक ओढलेला, क्लच दाबून इंजिन सुरू, रिव्हर्स गिअर, मग हँडब्रेक सोडा, आणि शेवटी क्लच व ब्रेक एकाच वेळी हळूहळू सोडत सरळ मागे या. न्यूट्रलमध्ये घरंगळत मागे येणं आणि चढावरच गाडी वळवण्याचा प्रयत्न, या दोन्हींनी गाड्या उलटतात.

एक चाक हवेत आणि दुसरं जमिनीवर अशी अवस्था आली की उघडं, म्हणजे लॉक नसलेलं डिफरेन्शियल सगळी ताकद हवेतल्या चाकाला देतं. ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेक हलका दाबा. फिरणारं चाक अडतं आणि जोर दुसऱ्याकडे जातो. नव्या गाड्यांत हेच काम इलेक्ट्रॉनिक्स करतं, फक्त त्यासाठी एक-दोन सेकंद पाय न उचलता थांबावं लागतं.

पाणी आणि काळी माती

नाला किंवा रपटा (पाणी वरून वाहणारा बुटका पूल) लागला की आधी काठी घेऊन माणूस चालत पार जाऊ द्या. पाणी गुडघ्याच्या वर असेल, वेगाने माणूस ढकलला जात असेल किंवा तळ दिसत नसेल आणि काठी रुतत असेल, तर परत फिरा. कंपनीने सांगितलेली पाण्याची खोली संथ पाण्यासाठी असते, वाहत्या पाण्यासाठी नाही. शिरण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापलेलं डिफरेन्शियल एकदम गार पडलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. फोर-एल, पहिला किंवा दुसरा गिअर, चालण्याच्या वेगाने, न थांबता. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावं लागतं. ओढून बाहेर काढा आणि एअर फिल्टर उघडून बघा. ओला असेल तर सुरू करायचं नाही. नीट पार झालात तर शंभर मीटर हलका ब्रेक धरून चालवा, पॅड सुकतात.

परतीच्या पठारावर शेतांमधली काळी माती लागते. सुकी असताना ती डांबरासारखी कडक, पण एक सर पडली की पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. मग कुठलाही टायर गुळगुळीतच. शंका आली तर ओली माती चिमूटभर घेऊन तळहातावर वळून बघा. शेवईसारखी बारीक वळली आणि तुटली नाही, तर त्या वाटेने जाऊ नका.

रुतलात तर

चाक जागेवर फिरलं की लगेच पाय उचला. आणखी दहा सेकंद फिरवलंत तर ॲक्सल टेकतो आणि वीस मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. आधी पोटाखालची माती काढा, मग चाकांपुढे फावड्याने उतरती चर, त्यात पोती, हवा १८ आणि मागच्या मागे बाहेर. जिथून आलात ती जमीन गाडी पेलते हे सिद्ध झालेलं असतं, पुढचं माहीत नसतं.

तेवढ्याने निघाली नाही तर दोर. तो चॅसीवरच्या हुकालाच लावा. टो-बॉल किंवा गाडी ट्रकवर बांधायच्या पातळ कड्यांना कधीच नाही, ते तुटून गोळीसारखे सुटतात. दोराच्या मधोमध जड जॅकेट किंवा ओलं पोतं टाका. सगळी माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, म्हणजे तेरा-चौदा मीटरवर, आणि दोराच्या रेषेत कोणीही नाही. दोरात एक-दीड मीटर ढील ठेवून ओढणारी गाडी फोर-एलच्या दुसऱ्या गिअरमध्ये चालत्या वेगाने निघते. रुतलेल्या गाडीनेही त्याच क्षणी हलका ॲक्सिलरेटर द्यायचा.

गावात

खोऱ्यातल्या वाटा लोकांच्या अंगणातून आणि कोदो-कुटकी या भरडधान्यांच्या शेतांच्या कडेने जातात. वेग पायी चालण्याचा, हॉर्न बंद. कोटवाराला (गावच्या चौकीदाराला) भेटून, नमस्कार करून, गाडी कुठे लावायची ते विचारा. वाटाड्या घेतलात तर पैसे आधी ठरवा आणि पूर्ण द्या. पाण्याच्या झऱ्याजवळ गाडी धुऊ नका, गाव तेच पाणी पितं. प्लास्टिक परत गाडीतून. विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नका.

परत

डांबर लागताच टू-व्हील ड्राइव्ह, हवा परत ३२ किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असेल तेवढी, आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवा, चीर असेल तर बोटाला लागते. रिममध्ये चिकटलेला चिखल काढा. तो एका बाजूला सुकला की ताशी साठनंतर स्टीअरिंग थरथरतं, आणि लोक विनाकारण अलाइनमेंट करून घेतात. सिल्लेवानीचा घाट उजेडात उतरता येईल असं बघा, रात्री तिथे ट्रक असतात.

सोमवार-मंगळवारी गाडी खालून धुऊन घ्या, रेडिएटरची जाळी आतून बाहेर पाणी मारून. पाण्यातून गेला असाल तर मेकॅनिककडून डिफरेन्शियल आणि गिअरबॉक्सचा प्लग उघडून ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते त्याच दिवशी बदला. एअर फिल्टर झटका, दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. त्यात राहिलेली रेती पुढच्या ताणाला आतले धागे कापते.